दोन्ही खुर्च्यांवर सुखात्मे

विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्याच्यावर मराठीत जेवढे लिहिले गेले तेवढे फार थोड्या नाटकांवर लिहिले गेले असेल. बेणारेबाईंची कोंडी, पांढरपेशांचे क्रौर्य, खेळाच्या आडून बाहेर पडणारी हिंसा, हे सारे बोलून झाले आहे. त्यातली एक साधी गोष्ट मात्र मला पुन्हा पुन्हा खुणावते. मुंबईची ही मंडळी त्या खेड्यात आलेली आहेत ती लोकजागृतीसाठी. अभिरूप न्यायालय करून दाखवायचे, म्हणजे कोर्ट कसे चालते, आरोप म्हणजे काय, साक्ष म्हणजे काय हे खेड्यातल्या लोकांना समजावे, हा त्यांचा घोषित हेतू. रात्रीच्या खेळात अमेरिकेच्या अध्यक्षांवर अण्वस्त्रांबद्दल खटला भरायचा आहे. गावातला सामंत हा भाबडा तरुण कोर्टाची पायरी कधी चढलेला नाही. त्याला आधी सारे समजावे म्हणून दुपारी तालीम घ्यायचे ठरते आणि त्या तालमीत बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. पुढचे सर्वांना माहीत आहे.

आजच्या सरकारी भाषेत सांगायचे तर तेंडुलकरांनी कायदेविषयक जनजागृती शिबिरावर नाटक लिहिले. शिबिर सुरू होण्याआधी शिबिर घेणाऱ्यांनी आपापसात काय केले, ते नाटकात आहे.

आणखी एक तपशील. बचावाचा वकील व्हायचे ते प्राध्यापक दामले आलेलेच नाहीत. बेणारेबाईंच्या पोटातले मूल ज्याचे आहे तोच हा गृहस्थ. मग त्यांचेही काम सुखात्मे करतात. सुखात्मे पेशाने वकील, पण चालत नसलेले. फिर्यादीचे वकीलही तेच आणि आरोपीचे वकीलही तेच. एका खुर्चीवरून त्यांनी बाईंवर तुटून पडायचे आणि मग दुसऱ्या खुर्चीवर बसून पडेल चेहऱ्याने दयेची याचना करायची. या दुसऱ्या खुर्चीवरून एकही उलटतपासणी होत नाही, एकही हरकत घेतली जात नाही. कागदावर मात्र आरोपीला वकील होता.

मोफत कायदेविषयक मदत या विषयावर लिहायला बसलो की मला ही दुसरी खुर्ची आठवते. आपल्याकडे गरीब आरोपीला कोर्टाने दिलेल्या वकिलाला लोक काय म्हणतात? 'सरकारी वकील' म्हणतात. आणि फिर्यादीच्या बाजूने उभा राहणारा, आरोपीला शिक्षा मागणारा, तोही सरकारी वकीलच. लोकांच्या बोलीत दोघांचे नाव एकच आहे. शिकलेली माणसे याला अज्ञान म्हणून हसतात. मला ते अज्ञान वाटत नाही. पिढ्यान् पिढ्या जे पाहिले ते लोकांनी एका शब्दात साठवले आहे. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकील नेमण्याची नवी पद्धत सुरू झाली. महाराष्ट्रात तिला 'लोकअभिरक्षक कार्यालय' असे नाव मिळाले. योजना चांगली आहे. पण कोठडीत बसलेल्या पोराच्या आईने कुणाला विचारायचे? 'साहेब, लोकअभिरक्षक कुठे बसतात?' हे वाक्य तिच्या तोंडून बाहेर कसे पडणार?

हा लेख याच भाषेबद्दल आहे. कायद्याच्या जागृतीसाठी जे लिहिले आणि बोलले जाते, म्हणजे पत्रिका, पुस्तिका, शिबिरातली भाषणे, पथनाट्ये, तो सारा एक वाङ्मयप्रकार आहे असे मी धरतो. त्याची समीक्षा कुणी करत नाही, कारण त्याला कुणी वाङ्मय मानत नाही. पण कविता वाचणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक मराठी माणसांच्या हातात हा मजकूर पडतो, आणि त्यातला एखादा शब्द कळला की नाही यावर कुणाची पोटगी, कुणाचा जामीन, कुणाचा सातबारा अवलंबून असतो.

मावळातले वराळे घ्या. तळेगाव दाभाड्याच्या शेजारचे, इंद्रायणीकाठचे गाव. एका अंगाला कॉलेजांच्या इमारती, दुसऱ्या अंगाला तळेगावची एमआयडीसी आणि मध्ये भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. या खोल्यांतून मराठवाड्यातली, विदर्भातली, उत्तर प्रदेश-बिहारमधली माणसे राहतात. कंत्राटदाराकडे कामाला जातात, आठवड्याची सुट्टी मिळाली तर मिळाली. मूळ गावकऱ्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला आणि त्याबरोबर वाटण्यांचे वादही आले. मावळातल्या बहुतेक गावांप्रमाणे मुलाणी, तांबोळी, अत्तार अशा नावांची घरे या परिसरातही आहेत. तालुक्याचे कोर्ट वडगावला, जिल्ह्याचे शिवाजीनगरला. म्हणजे न्याय तसा लांब नाही. पण कामगाराचा खाडा धरला तर वडगावची एक तारीख म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि रिक्षाभाडे, शिवाजीनगरची तारीख म्हणजे त्याहून अधिक.

अशा गावांत कायद्याची शिबिरे भरतात. कॉलेजांना ती भरवावीच लागतात. बार काउन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विधी महाविद्यालयात मोफत मदतीचे केंद्र असणे बंधनकारक आहे. शिवाय ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन, कारण १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा प्रत्यक्षात अमलात आला तो ९ नोव्हेंबर १९९५ या दिवशी. त्यामुळे नोव्हेंबरात शिबिरांचे पीक येते. शिबिराचे रूप आता सर्वांना पाठ आहे. बॅनर, दीपप्रज्वलन, सरपंचांचा सत्कार, उद्देशिकेचे वाचन, वकीलसाहेबांचे भाषण, आभार, फोटो. समोर अंगणवाडीताईंनी बोलावून आणलेल्या बाया बसलेल्या असतात. त्यांना हवे असलेले माणूस म्हणजे ज्याच्या कानात हळूच प्रश्न विचारता येईल असे कुणीतरी. असे माणूस व्यासपीठावर नसते. अर्थात मी अशीही शिबिरे पाहिली आहेत जिथे भाषण दहा मिनिटांत उरकून दोन विद्यार्थिनी झाडाखाली टेबल मांडून बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. त्यांच्यापुढे बायांची रांग होती. फोटोत ते टेबल आले नाही.

तर भाषा. 'विधी सेवा' या शब्दापासूनच सुरुवात करू. मराठी माणसाला विधी म्हणजे लग्नविधी, अंत्यविधी, फार तर प्रातर्विधी. 'तालुका विधी सेवा समिती' अशी पाटी वाचून एखाद्याला इथे भटजी मिळतात असे वाटले तर त्याचे काय चुकले? उलट वकील, हक्क, फिर्याद, दावा, जबाब, जामीन, तारीख, मुदत, वारस, जप्ती, कैफियत, मुखत्यार, हे शब्द बघा. हे वराळ्याच्या खोलीतल्या बाईला समजावून सांगावे लागत नाहीत. ती मूळची बीडची असो की बस्तीची. हे सारे अरबी-फारसी वळणाचे शब्द, शतकानुशतके मराठी कचेऱ्यांतून रुळलेले. शिवकाळात रघुनाथपंतांनी 'राज्यव्यवहारकोश' करून यातल्या पुष्कळ शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पर्याय कोशात राहिले आणि लोक फिर्याद करतच राहिले. नव्या राज्याला स्वतःची भाषा हवी असणे समजण्यासारखे होते. त्यानंतर तीनशे वर्षांनी लोकांच्या राज्यात तोच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा मात्र लोकांना विचारले गेले नाही. १९९८ मध्ये मराठी ही राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा ठरली, हे मोठे पाऊल होते. पण कुठली मराठी, हा प्रश्न तेव्हा मागेच राहिला.

आपल्या वाचकांना इथे एक गंमत दिसेल. मुस्लिमांना मराठी येत नाही असा समज अजूनही अनेकांच्या मनात असतो आणि मराठी कोर्टाच्या ज्या शब्दांवर या राज्यातला गरीब माणूस तग धरून आहे ते निम्मे शब्द आपल्या आजीच्या तोंडचे आहेत. मुस्लीम मराठी साहित्याच्या चर्चेत आपण ओळखीचा, अस्मितेचा प्रश्न फार घोळवतो. कायद्याची एखादी सोपी पुस्तिका मराठीत लिहायला घेतली तर त्या प्रश्नातला बराचसा भाग कामातूनच सुटेल असे मला वाटते.

आता या पुस्तिकांच्या मजकुराकडे येऊ. मुस्लीम स्त्रियांसाठी म्हणून जे वाटले जाते त्यात २०१९ चा कायदा हमखास असतो. एका दमात दिलेला तीन तलाक रद्दबातल, आणि नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. कैदेचे वाक्य ठळक अक्षरांत. त्याच कायद्यात अशा स्त्रीला स्वतःसाठी आणि मुलांसाठी निर्वाह भत्ता मागता येतो, अल्पवयीन मुलांचा ताबा मागता येतो, हे मात्र माझ्याजवळच्या दोन पत्रिकांत अजिबात नाही आणि एकीत शेवटच्या ओळीत आहे. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण आहे ते यावरून कळते. त्याच्यापुढे तो नवरा आहे, ज्याला धडा शिकवायचा आहे. भाड्याची खोली, दोन मुले आणि महिनाअखेर यांच्यात सापडलेली बाई त्याच्यापुढे नाही. तिला पहिला प्रश्न पडतो तो खोलीभाड्याचा. नवरा तुरुंगात गेला तर ते कोण देणार, हा दुसरा.

याउलट समाजातून निघणाऱ्या उर्दू-मराठी पत्रिका. त्यांत निकाह, मेहेर, इद्दत यांचे विवेचन सविस्तर असते, हवालेही असतात. पण तालुक्याच्या कोर्टात मोफत वकील मिळतो आणि स्त्रीला तो उत्पन्नाचा दाखला न देता मिळतो, हे वाक्य नसते. १९८७ च्या कायद्याच्या बाराव्या कलमात स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतली माणसे, औद्योगिक कामगार यांनाही नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपयांची मर्यादा. एवढे दोन ओळींत सांगता येते. पहिल्या प्रकारची पत्रिका बाईला समाजापासून सोडवायला निघालेली आहे, दुसरी तिला समाजात राखायला. वडगावच्या कोर्टात कितव्या खोलीत जायचे हे दोन्ही सांगत नाहीत.

जमिनीबद्दल तर सगळेच गप्प. १९३७ च्या शरियत कायद्याच्या दुसऱ्या कलमातच शेतजमिनीचा अपवाद आहे. वारसाहक्काच्या बाबतीत शरियत लागू, पण शेतजमीन सोडून. मावळात आज वाद कशाचा आहे? शेतजमिनीचाच. कुराणाने मुलीला वाटा दिला हे आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. मुलाच्या निम्मा का होईना, पण नक्की वाटा. आणि मग तलाठ्याकडे वारसनोंदीच्या वेळी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही किंवा अंगठा घेतो. यात आपण शेजारच्या हिंदू घरापेक्षा तसूभरही वेगळे नाही. प्रथा एकच, साडीचोळीही तीच. भावाशी संबंध तुटतील या भीतीने बहिणी सही करतात. या विषयावर मराठीत, मुस्लीम लेखकाने लिहिलेली एक बळकट कथा मी शोधतो आहे. 'हक्कसोड' हा शब्दच असा आहे की त्यावर कादंबरी व्हावी.

इथे साहित्याचा प्रश्न येतो. आपल्या कथांतून तलाक पुष्कळ आहे. पोस्टकार्डावरचा, टेलिफोनवरचा, आता मोबाइलवरचा. कथा बहुधा तिथे संपते. दार लागते, बुरख्याआड हुंदका येतो, दूर अजान ऐकू येते. प्रतिमा म्हणून ती आता झिजली आहे. पण त्याहून मोठी अडचण अशी की खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सुरू होते. कुठे जायचे, कोणाला सांगायचे, कागद कुठला, निकाहनाम्याची प्रत कोणाकडे आहे, तो परगावचा काझी कुठे सापडेल, मुलाच्या शाळेत बापाचे नाव कसे लावायचे. या दुसऱ्या दिवसाचे वाङ्मय आपल्याकडे फारच थोडे आहे. कथेत मौलवी येतो, सुधारक येतो, पोलीसही येतो. वकील येत नाही. आला तर लबाड म्हणून येतो.

आत्मकथनांनी ही उणीव काही प्रमाणात भरली. रझिया पटेल यांचे 'चाहूल' मला या दृष्टीने मोलाचे वाटते. जळगावात १९८२ साली मुस्लीम स्त्रियांवर घातलेल्या सिनेमाबंदीविरुद्ध एक मुलगी उभी राहते आणि सिनेमाला जाण्यासारखी साधी गोष्ट नागरिकत्वाची गोष्ट होते. मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' हे त्याआधीच्या पिढीचे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात स्त्रियांचा मोर्चा मुंबईत नेला. १९७० मध्ये पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळ निघाले. १९७७ मध्ये हमीदभाई गेल्यावर मेहरुन्निसाबाई कामात राहिल्या. दलवाईंच्या भूमिकेशी या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांचे मतभेद असतील. माझेही आहेत. पण त्या सात बायका कोण होत्या, त्या घरून काय सांगून निघाल्या आणि घरी परतल्यावर त्यांना काय ऐकावे लागले, हा प्रश्न मतभेदाच्या पलीकडचा आहे आणि तो आपण विचारलेला नाही. आपल्याला मोर्चा आठवतो, मोर्चातली माणसे आठवत नाहीत.

तेच हुसैनारा खातूनचे. भारतातल्या मोफत कायदेविषयक मदतीचा इतिहास ज्या खटल्यापासून सांगितला जातो त्याला एका मुस्लीम स्त्रीचे नाव आहे. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खटल्याविना सडणाऱ्या कैद्यांच्या बातम्या वृत्तपत्रात आल्या, पुष्पा कपिला हिंगोरानी या वकील बाईंनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने सांगितले की ज्याला वकील परवडत नाही त्याला तो राज्याने द्यायचा, नाहीतर ती प्रक्रिया न्याय्य म्हणता येणार नाही. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव पाठ असते. महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. १९७८ चा होस्कोट खटला आणि मुंबईच्या पोलीस कोठडीतल्या स्त्रियांबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावरून १९८३ साली झालेला निकाल. १९८६ च्या सुकदास प्रकरणात तर न्यायालयाने स्पष्ट केले की आरोपीने वकील मागितला नाही म्हणून तो नाकारता येणार नाही, कारण मागता येतो हेच बहुसंख्यांना ठाऊक नसते. निकालपत्रांत एवढे सारे आहे. हुसैनारा पुढे कुठे गेली, कशी जगली, हे ज्याने लिहिले आहे असा एकही मराठी लेख मला सापडला नाही. तिचे नाव कायद्याला मिळाले.

गेल्या काही वर्षांत सिनेमाने मात्र या दुसऱ्या खुर्चीकडे नीट पाहिले. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. गटारात उतरणाऱ्या कामगाराच्या मृत्यूला एका शाहिराचे गाणे जबाबदार, असा आरोप. वीरा साथीदारांनी उभा केलेला तो नारायण कांबळे कोण विसरेल! पण माझ्या दृष्टीने चित्रपटाचे मर्म साक्षीच्या प्रसंगात आहे. मेलेल्या कामगाराची विधवा साक्षीला येते. तिला कुणाला वाचवायचे नाही आणि अडकवायचेही नाही. नवरा कसा काम करायचा, दारू पिऊन का उतरायचा, गॅसने त्याचा डोळा कसा गेला, ते ती सरळ सांगते. चार-पाच वाक्यांत सरकारी पक्षाची सारी मांडणी कोसळते आणि तिला त्याचा पत्ताही नाही. पुढे वकील तिला गाडीतून सोडतो तेव्हा ती काम मिळेल का एवढेच विचारते. तिला तिच्या नवऱ्याच्या मृत्यूची भरपाई मिळावी म्हणून त्या चित्रपटात कुणीही वकील उभा नाही. गाजलेल्या खटल्याच्या शेजारी न गाजलेला खटला पडून असतो, हे ताम्हाण्यांनी न सांगता दाखवले. बचावाचा वकील विनय व्होरा सुखवस्तू घरातला, इंग्रजीत वावरणारा, मराठीत अडखळणारा. तो प्रामाणिक आहे, मार खातो, पण आशीलाच्या घरात तो पाहुणाच. मदत करणारा आणि मदत घेणारा यांच्यातले हे अंतर एवढ्या संयमाने मराठी पडद्यावर क्वचितच आले आहे.

हंसल मेहतांचा 'शाहिद' हिंदी, पण गोष्ट मुंबईची. शाहिद आझमी हा गोवंडीकडे वाढलेला मुलगा. तो दहशतवादाच्या आरोपाखाली तिहारमध्ये राहून आला, वकील झाला, आणि ज्यांचे वकीलपत्र घ्यायला कुणी तयार नव्हते त्यांचे त्याने घेतले. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यात त्याच्या कार्यालयात त्याला गोळ्या घालून मारले. वय अवघे ३२. २६/११ च्या खटल्यात तो ज्याचा वकील होता तो फहीम अन्सारी त्याच वर्षी मे महिन्यात त्या आरोपातून सुटला. चित्रपटात कोर्ट म्हणजे एक अरुंद, कोंदट खोली, जिथे दोन वकील बाजारात भांडावे तसे भांडतात. हा भाग खरा उतरला आहे. घरातला भाग मला तितका पटत नाही. मरियम ही घटस्फोटित स्त्री त्याच्याकडे मालमत्तेच्या वादात आशील म्हणून येते आणि पुढे त्याची पत्नी होते. मग तिची केस चित्रपटातून जणू नाहीशी होते. निरपराध तरुणांच्या लढाईपुढे एका बाईची मालमत्तेची केस किरकोळ, असे चित्रपट म्हणत नाही, पण वागतो तसे.

आणि हे आपल्या समाजाच्या वागण्याशी जुळते. दहशतवादाच्या खटल्यांत अडकलेल्यांसाठी जमियतसारख्या संस्थांनी वर्षानुवर्षे वकील उभे केले. त्याची गरज होतीच. २००६ च्या मालेगाव स्फोटात पकडलेल्या मुस्लीम तरुणांना २०१६ मध्ये दोषमुक्त केले गेले, मधली वर्षे परत कोण देणार? पण तुरुंगातला बहुसंख्य गरीब मुस्लीम कैदी या खटल्यांतला नाहीच. टाटा समाजविज्ञान संस्थेने राज्यातल्या तुरुंगांतील मुस्लीम कैद्यांचा जो अभ्यास केला त्यातून दिसले की त्यांचे प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणाच्या बरेच वर आहे आणि पुष्कळजण साध्या गुन्ह्यांतले, संघटित गुन्हेगारीशी संबंध नसलेले आहेत. मारामारी, चोरी, एखादी किरकोळ फिर्याद. जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार नसतो. वराळ्यातल्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परप्रांतीय मुलाला सातबारावाला जामीनदार कोण देणार? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने शिक्षेच्या कमाल मुदतीपैकी एक तृतीयांश काळ काढला तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून. हे त्याच्या बापाला कोण सांगणार? जुम्म्याच्या नमाजनंतर दोन मिनिटे बोलले तरी काम होईल. अशा कैद्याची गोष्ट सनसनाटी नसते म्हणून तिला वर्तमानपत्र नाही, सिनेमा नाही आणि कथाही नाही.

कुणी म्हणेल, साहित्याने कायद्याची माहिती द्यायची का? नाही. प्रचारकथेचा मला तितकाच कंटाळा आहे जितका शिबिरातल्या भाषणाचा. कलम क्रमांक सांगणारी नायिका नको. पण कोर्टाच्या व्हरांड्यात माणूस जसा दिसतो तसा तो अन्यत्र दिसत नाही. तिथे नवराबायको पाच फुटांवर बसून दोन वेगळ्या डब्यांतून जेवतात. सासरा नातवाला चोरून बिस्कीट देतो. शिपाई नाव पुकारतो ते चुकीचे पुकारतो आणि खतिजाबी अर्धा तास स्वतःचे नाव ऐकण्याची वाट पाहत राहते. हे लेखकाचे रान आहे. आपण ते वकिलांवर सोडून दिले.

निकालपत्रेसुद्धा आपण वाचत नाही. २३ एप्रिल १९८५ चा शाहबानो निकाल, त्यानंतरचा १९८६ चा कायदा, मग शाहबानोंचेच वकील दानियल लतीफी यांनी त्या कायद्याला दिलेले आव्हान आणि २८ सप्टेंबर २००१ चा निर्णय, की इद्दतीच्या मुदतीतच पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्याने करायची. अगदी अलीकडे १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घटस्फोटित मुस्लीम स्त्रीला पोटगीच्या सर्वसाधारण कलमाखालीही दाद मागता येते. जुन्या संहितेतले १२५, नव्यातले १४४. एवढ्या वळणांची गोष्ट एखाद्या कादंबरीकाराने रचली असती तर आपण तिला अतिशयोक्त म्हटले असते. आणि या सगळ्या चर्चेत शाहबानो हे नाव एका पक्षासाठी झेंडा झाले, दुसऱ्यासाठी जखम. इंदूरची एक म्हातारी बाई महिन्याच्या खर्चासाठी कोर्टात गेली होती, हे दोघेही विसरले.

या दोन टोकांच्या मध्ये एक निकाल आहे, खास आपल्या मातीतला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाने तो मे २००२ मध्ये दिला. पोटगी मागायला आलेल्या बायकोला उत्तर म्हणून 'मी हिला पूर्वीच तलाक दिला आहे' असे नवऱ्याने कैफियतीत नुसते लिहून दिले तर तो तलाक सिद्ध होत नाही. कारण काय होते, दोन्ही घरच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला का, हे त्याने पुराव्याने दाखवले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. न्यायालयाने यासाठी बाहेरचे काही आणले नाही, कुराणातल्याच मध्यस्थीच्या आज्ञेचा आधार घेतला. सर्वोच्च न्यायालयाचा शमीम आरा निकाल याच वळणाचा, पण तो पाच महिन्यांनी आला. म्हणजे दिल्लीच्या आधी मराठवाड्यात हे सांगून झाले होते. मराठीत याची चर्चा किती झाली? वकिलांच्या वर्तुळाबाहेर जवळजवळ नाही. २०१७ मध्ये तीन तलाकवर देशभर गदारोळ झाला तेव्हाही आपल्या लेखकांपैकी फार थोड्यांना हा निकाल आठवला.

त्या खटल्याचे नाव 'दगडू छोटू पठाण विरुद्ध रहिमबी दगडू पठाण'. नुसते नाव वाचा. दगडू, छोटू, रहिमबी. अर्धा मराठवाडा त्या तीन शब्दांत आहे. मुस्लीम मराठी म्हणजे कोण यावर आपण परिसंवाद घेतो, आणि कायद्याच्या जाड पुस्तकात ते नाव गेली दोन तपे छापलेले पडून आहे. मी तो निकाल दोनदा वाचला. इंग्रजी आहे, लांब आहे, आधारांनी भरलेला आहे, आणि त्यात तलाकच्या प्रकारांचे विवेचन एखाद्या चांगल्या मदरशातल्या उस्तादाने करावे तितके बारकाईने आहे. रहिमबी मात्र त्यात फार थोडी भेटते. ती तारखेला कोणाबरोबर यायची, एसटीच्या भाड्याचे पैसे कोण द्यायचे, पूर्णपीठ म्हणजे काय हे तिला कुणी सांगितले का, आणि निकाल लागल्याची बातमी तिच्यापर्यंत किती दिवसांनी, कोणाच्या तोंडून पोचली, हे त्यात नाही.